देवबाग संगमावरच्या फेरीबद्दल आलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

लाइफ जॅकेटं ओली आणि कुबट होती, तांडेल (बोट चालवणारा) मुलावर सगळ्यांसमोर ओरडला, मुलं पुण्यात टँकमध्ये रोज पोहतात तरी संगमावर पाण्यात उतरू दिलं नाही, आणि पैसे मात्र पूर्ण घेतले, असं तुम्ही लिहिलंय.

जॅकेटांचं खरं आहे. सकाळच्या फेरीची न वाळवताच दुपारी दिली. आता दुसरा संच घेतलाय. धाकट्याने जॅकेटचं बक्कल सोडून बोटीच्या काठावर पाय टाकला म्हणून तांडेल ओरडला. तेवढं ओरडणं भाग होतं, पण नंतर दोन शब्द नीट बोलायला हवे होते. त्याबद्दल मी माफी मागतो.

पाण्यात उतरू दिलं नाही, त्याची माफी मात्र मागणार नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. १५ची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी भरलं, तुम्ही चार वाजता तिथे होतात, म्हणजे उधाणाची ओहोटी चांगलीच लागलेली. कर्ली नदीचं पाणी तेव्हा त्या मुखातून समुद्राकडे धावत असतं. तांडेलाने नारळाचं सोडण (वरचं साल) पाण्यात टाकून दाखवलं, आठवत असेल. बघता बघता ते बाहेरच्या फुटणाऱ्या लाटांकडे गेलं. तुमचा धाकटा त्या सोडणापेक्षा फार जड नाही हो.

टँकचं पाणी ओढत नाही. इथे ओढ लागली की माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि दमतो. खरं तर अंग पाण्यावर ठेवून, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीतून बाहेर पडायचं असतं. नाकातोंडात खारं पाणी गेलेल्या दहा वर्षांच्या पोराला हे सुचेल, अशा भरवशावर मी कुणालाच उतरवत नाही. कितीही पैसे दिले तरी नाही.

न झालेल्या थांब्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यायला हवे होते, ते राहून गेलं. बुकिंगच्या नंबरवर मेसेज करा, लगेच पाठवतो.

पुन्हा याल तर मे अखेरीला बोटी बंद व्हायच्या आत, अष्टमीच्या आसपास या. तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी. दुपारी बारानंतर भरती लागते, पाणी आत येतं. खाडीच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, मुलांना हवं तेवढं डुंबू देऊ. दोघांची वजनं आधी कळवा, त्या मापाची जॅकेटं वाळवून बाजूला ठेवतो.