खुर्ची आण रे

परवाच्या त्या काकांना मी अजून माफ केलेलं नाही. चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' पुन्हा एकदा मोठ्या पडद्यावर बघायला गेलो होतो. अंगात राखाडी शर्ट. त्या सभागृहातले शिपाईही राखाडीच घालतात, हे मला काय माहीत?

"ए, एक खुर्ची आण रे इकडे. आणि तो पंखा कमी कर."

मी 46 वर्षांचा, गृहकर्ज फेडणारा माणूस. पण तोंडातून "हो काका" निघून गेलं आणि मी खुर्ची आणलीसुद्धा. पंख्याचं बटण सापडेना, तर म्हणाले, "नवीन दिसतोयस."

मग ते नेमके माझ्या मागे बसले. 1931 साली, म्हणजे आपल्याकडे पहिला बोलपट 'आलम आरा' बोलला त्याच वर्षी, चॅप्लिनने हट्टाने मुका सिनेमा काढला. ती उणीव काकांनी भरून काढली. "आता बघ हं, ती आंधळी आहे." "हा श्रीमंत प्यायला की गळ्यात पडतो, उतरली की ओळख दाखवत नाही. आमचे साडू अस्सेच." मग साडूंचा प्लॉट, साडूंची कोर्टकचेरी, साडूंचं पथ्य. त्या आंधळ्या फूलवालीला चॅप्लिनचा तो फाटका भटक्या श्रीमंत वाटतो, कशावरून? मोटारीचं दार लागल्यावरून! मुक्या सिनेमात आवाजाचा पुरावा. एवढं सुचेपर्यंत चॅप्लिनने सगळ्या युनिटचा जीव काढला, त्या भेटीचे 342 टेक झाले म्हणतात. आणि नेमका तेव्हाच काकांचा फोन वाजला. "पिक्चर बघतोय. नाही नाही, तू बोल, मुकाच आहे."

मी मागे वळून डोळे वटारले. "पाणी आणलंस का?"

बरं, शिपाई असतो तरी 'ए' कशाला? त्यालाही गृहकर्ज असेल की. (माझ्या सोसायटीच्या वॉचमनला मी काय म्हणतो, हा विषय वेगळा.)

शेवटी दृष्टी आलेली ती फूलवाली हसत हसत त्या भिकारड्याच्या हातात नाणं ठेवायला जाते, आणि हाताच्या स्पर्शाने ओळखते. मी दरवेळी रडतो. परवाही रडलो, साडू असूनही.

दिवे लागले. काकांनी माझा हात धरला, 20 रुपयांची नोट तळव्यावर दाबली आणि क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं. मी श्वास रोखून उभा.

"खुर्ची जागेवर ठेव."

ठेवली. बाहेर चहा 25 रुपये होता.