तळ्यातला राजवाडा आणि आल्फ्रेडची लेक

वेल्सच्या जुन्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी हमखास आर्थर राजावर जाते. तो होता की नव्हता यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझं म्हणणं एवढंच, की आर्थरला जरा विश्रांती द्या आणि ब्रखैन्योग वाचा.

दक्षिण वेल्सच्या डोंगरात, अस्क नदीच्या वरच्या खोऱ्यातलं हे चिमुकलं राज्य. तिथल्या नॅशनल पार्कने 2023 मध्ये ‘ब्रेकन बीकन्स’ सोडून ‘बानाय ब्रखैन्योग’ हे वेल्श नाव पुढे केलं, तेवढ्यापुरतं ते बातम्यांत आलं. मूळपुरुष ब्रखन. दंतकथेप्रमाणे बाप आयरिश, आई वेल्श, आणि मुली चोवीस, त्यातल्या बऱ्याच पुढे संत झाल्या. हौशी मंडळी या मुलींच्या याद्या जुळवण्यात आयुष्य घालवतात. घालवू देत.

मला रस आहे तो नवव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. गादीवर एलिसेद. उत्तरेला ग्विनेदचं वेल्श राज्य, तिथे राजा रोद्री माउरचे मुलगे, आणि त्यांना आजूबाजूचं सगळंच हवं होतं. पूर्वेला मर्सिया या राज्याचे इंग्रज. अशा वेळी छोट्या राजाने करायचं काय? एलिसेदने दूरचा धनी गाठला, दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. हे आपल्याला कळतं ते आसरमुळे. हा आल्फ्रेडच्या दरबारातला धर्मगुरू, आणि स्वतः वेल्श. रोद्रीच्या मुलांच्या जाचाला कंटाळून एलिसेद आपणहून आल्फ्रेडच्या छत्राखाली आला, असं तो 893 मध्ये लिहितो. काही जण याला लाचारी म्हणतात. मला तो पक्का हिशोब वाटतो. जवळच्या दांडग्यापेक्षा लांबचा दांडगा परवडतो, हे कोणत्याही मांडलिकाला सांगावं लागत नाही.

आणि याच सुमारास त्याच्या राज्यात काय उभं राहिलं? लॅनगॉर्स तळ्यात एक कृत्रिम बेट, आणि त्यावर राजाचा वाडा. काठापासून चाळीसेक मीटर आत झाडोरा, दगड आणि ओकच्या फळ्या रचून केलेलं. लाकडातली वर्तुळं मोजून तारीख काढली, तर झाडं 889 ते 893 दरम्यान तोडलेली. अशी बेटं आयर्लंडमध्ये शेकड्याने सापडतात, वेल्समध्ये मात्र हे एकच. म्हणजे बांधणारे नाहीतर निदान बांधण्याचं ज्ञान तिकडून आलेलं असणार. शिवाय ‘आम्ही आयरिश राजवंशातले’ हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं, हाही हेतू असणार. दंतकथेतल्या ब्रखनचा खरा उपयोग हा असा.

आता 916. जूनच्या 16 तारखेला एग्बर्ट नावाचा एक इंग्रज मठाधिपती आपल्या सोबत्यांसह मारला गेला. कुणी मारला, कुठे मारला, इंग्रजांची बखर (अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल) सांगत नाही, ‘निरपराध’ एवढंच म्हणते. तीन दिवसांनी मर्सियाची फौज वेल्समध्ये शिरली, तळ्यातला वाडा फोडला आणि राजाच्या बायकोसह 34 जण धरून नेले. फौज पाठवणारी होती एथेलफ्लेड. मर्सियाची राणी, आणि ज्या आल्फ्रेडच्या भरवशावर एलिसेद निर्धास्त झाला होता, त्याची सख्खी लेक! आल्फ्रेड 899 मध्येच गेला होता. कुंपणानेच शेत खाल्लं, तेही एका पिढीत.

एथेलफ्लेडचं आज इंग्लंडमध्ये मोठं कौतुक आहे. व्हायकिंगांशी लढली, गढ्या बांधल्या, टॅमवर्थला पुतळा आहे. कर्तबगार बाई होती, वादच नाही. पण तिच्यावरच्या लेखांत लॅनगॉर्सची मोहीम अर्ध्या ओळीत उरकतात, आणि मला राग येतो तो इथे. धरून नेलेली बाईसुद्धा राणीच होती. तिचं नाव बखरीत नाही.

मात्र 1989 ते 1993 च्या उत्खननात तळ्याच्या चिखलातून एक जळका, काळा गोळा निघाला. तो उलगडला तर तलम लिननचं वस्त्र, त्यावर रेशमाचं बारीक भरतकाम, वेलबुट्टीत पक्षी आणि सिंह. आगीत करपलं आणि पाण्यात पडलं म्हणून टिकलं. ते राणीचंच होतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण असलं कापड पाणक्याच्या अंगावर नसतं. ‘डोंगरातले अर्धवट रानटी राजे’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कापडाचे फोटो बघावेत. रेशीम काही वेल्सच्या डोंगरात पिकत नव्हतं.

पुढे 934 मध्ये इंग्लंडचा राजा एथेलस्टनच्या सनदेवर साक्षीदारांत ‘उपराजा’ तेउदुर दिसतो. अभ्यासक त्याला एलिसेदचा मुलगा मानतात, म्हणजे 916 मध्ये ज्याची बायको नेली तो बहुधा हाच. एथेलस्टन कोण? एथेलफ्लेडचा भाचा. त्याच घराच्या दरबारात जाऊन साक्ष द्यायची! तेउदुरला कुणी लाचार म्हणालं तर मी कमेंटमध्ये भांडायला तयार आहे. त्यानंतर हे घराणं पुसट होत जातं, आणि 1093 च्या आसपास नॉर्मन सरदार बर्नार्ड द नफमार्शे सगळा मुलूखच गिळतो.