शून्य पिचवरही टग सरकतो, या तक्रारीला आमचे उत्तर

कॅप्टन साहेब, सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. आपल्या टगच्या (जहाजे ओढणाऱ्या बोटीच्या) पंख्याचा हब, म्हणजे पाती बसवलेला मधला भाग, उघडून दुरुस्त करायला आम्ही पाच दिवस सांगून नऊ दिवस घेतले, बिल अंदाजापेक्षा बरेच वाढले, काम झाल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग दिसला आणि पिच, म्हणजे पंख्याच्या पातींचा कोन, शून्यावर असतानाही क्लच लावताच टग जेटीचे दोर ताणत पुढे सरकतो, असे आपले म्हणणे आहे. यातली शेवटची तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि तिच्यात चूक आमची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

पाती फिरवता येणाऱ्या पंख्यात काटा शून्यावर आला म्हणून जोर पूर्ण थांबत नाही. प्रत्येक पाती मुळापासून टोकापर्यंत पिळलेली असते. त्यामुळे शून्यावरही तिचा एक भाग पाणी पुढे ढकलतो आणि दुसरा मागे, आणि या दोन्हींची वजाबाकी जिथे जवळपास शून्य येते त्या जागेला आपण शून्य पिच म्हणतो. तेव्हाही पंखा पाणी घुसळत असतो, इंजिनाची ताकद खात असतो आणि टग थोडा इकडेतिकडे सरकतो. ही गोष्ट टग ताब्यात देताना आपल्याला सांगायला हवी होती, ती आम्ही सांगितली नाही. मात्र दोर ताणले जावेत इतके सरकणे पंख्याच्या स्वभावात बसत नाही.

झाले असे की, आमच्या मिस्त्रीने शून्याची जागा ड्राय डॉकमध्ये (कोरड्या गोदीत), हबवरच्या खुणा जुळवून, तेल थंड असताना बांधली. आपल्या टगच्या शाफ्टच्या पोटातून हबपर्यंत तेलाची नळी जाते आणि तीच पातीच्या कोनाची बातमी मागे, ओ. डी. बॉक्सकडे (शाफ्टमध्ये तेल सोडणाऱ्या पेटीकडे), आणते. ही नळी सुमारे ११ मीटर लांब आहे. टग चालू लागला की नळी गरम तेलाने तापते, तर बाहेरचा शाफ्ट समुद्राच्या पाण्यामुळे तितका तापत नाही. दोघांत १५ अंशांचा फरक धरला तरी नळी शाफ्टपेक्षा जवळजवळ २ मिलिमीटर जास्त वाढते. ऐकायला हे काहीच नाही, पण आपल्या पंख्यात पाती फिरवणारी पिन पातीच्या मध्यापासून फक्त ९० मिलिमीटरवर असल्याने तेवढ्यात पातीचा कोन सव्वा अंशाने बदलतो. बॉक्सवरचा काटा शून्य दाखवत राहतो आणि पाती मात्र पुढच्या पिचवर गेलेली असते. म्हणूनच शून्य पुन्हा एकदा पाण्यात, तेल तापल्यावर तपासायचे असते. त्या दिवशी भरतीची वेळ गाठण्याच्या घाईत चाचणी अर्ध्या तासात उरकली गेली, आणि तिला मान्यता मीच दिली होती.

दिवस आणि बिल वाढण्यामागे हबची अवस्था होती. झाकण काढले तेव्हा तेल दुधाळ झालेले होते, म्हणजे खारे पाणी बरेच आधी आत शिरले होते. पातीखालच्या ओ रिंगा, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, गोल राहिल्याच नव्हत्या. एका बाजूने चपट्या होऊन इतक्या कडक झाल्या होत्या की नखाचा वळ उठत नव्हता. एका पातीच्या बेअरिंगच्या बैठकीवर गंजाचे खड्डे होते आणि त्यावर नवी सील बसवली असती तर तीही लवकरच गेली असती. हे काम टाळता येण्यासारखे नव्हते, त्यामुळे ती रक्कम कमी करता येणार नाही. मात्र वाढीव खर्च आम्ही फोनवर सांगितला आणि लेखी संमती घेतली नाही, ही आमच्या कार्यालयाची कसूर आहे. यापुढे फोटो आणि सुधारित अंदाज हातात पडल्याशिवाय पुढचा बोल्ट सुटणार नाही.

तवंगाबद्दल आज नक्की सांगणे घाईचे ठरेल. जोडणीच्या वेळी पातीच्या बुडाशी आणि बोल्टांच्या खाचांत अडकलेले तेल पहिले काही दिवस बाहेर येते. हबमधल्या तेलाचा दाब समुद्राच्या दाबापेक्षा जास्त राहावा म्हणून त्याची टाकी पाण्याच्या रेषेच्या वर असते. त्या टाकीची पातळी रोज एकाच वेळी, तेल साधारण तितकेच तापलेले असताना, लिहून ठेवावी. आठवडाभर पातळी स्थिर राहिली तर सील ठीक आहेत. ती उतरत राहिली, तर सील पुन्हा बदलण्याचा आणि ड्राय डॉकचा खर्च आमचा.

आपण लिहिले आहे की, स्थानिक इलेक्ट्रिशियनला बोलावून व्हीलहाऊसमधला काटा सरकवून घेणार आहात. कृपया तसे करू नका. त्याने फक्त आपल्याला दिसणारा आकडा बदलेल. क्लचला परवानगी देणारी आणि इंजिनावर भार वाढला की पिच कमी करणारी यंत्रणा ओ. डी. बॉक्सकडून येणारी बातमीच वाचते, आणि मग काटा एक सांगेल व यंत्रणा दुसरेच समजेल.

शून्य सुधारण्यासाठी टग पुन्हा ड्राय डॉकमध्ये घ्यावा लागत नाही. आपण सांगाल त्या दिवशी मी स्वतः मिस्त्रीला घेऊन जेटीवर येतो, इंजिन चालवून तेल नेहमीइतके तापू देतो आणि दोरांवरचा ताण पाहत शून्याची जागा बांधतो. याचे पैसे लागणार नाहीत. त्या वेळी आपण आणि आपले चीफ इंजिनिअर दोघेही टगवर असावेत, आणि टाकीच्या पातळीची वही काढून ठेवावी, एवढी विनंती.