'ताई, वाचन वाढवा' या प्रतिक्रियेला उत्तर

कप्तानसाहेब,

(कप्तान म्हणते, कारण तीस वर्षं जहाजावर काढल्याचं आपण पहिल्याच ओळीत सांगितलंत.)

कोलंबसावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख एकांगी आहे. दर्यावर्दी म्हणून कोलंबस केवढा होता ते मला कळलेलं नाही. हिस्पानिओला (आजचं हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) या बेटावरचे मूळ रहिवासी ताइनो लोक देवीच्या साथीत गेले, त्याचं खापर एका माणसावर फोडणं बालिश आहे. खरा अत्याचार नंतरचा गव्हर्नर ओव्हांदो याचा. पंधराव्या शतकातल्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नये. सगळा मजकूर लास कासास या 'कोलंबसद्वेष्ट्या' पाद्र्याच्या भरवशावर आहे. एक आकडा चुकला आहे. आणि शेवटी, "ताई, भावना बाजूला ठेवा, वाचन वाढवा."

आकडा खरंच चुकला होता. कोलंबसाने ताइनोंवर लादलेली माणशी कापसाची खंडणी मी २५ किलो लिहिली होती. ती एक अरोबा, म्हणजे २५ कास्तिली पौंड, साधारण साडेअकरा किलो. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'ताई'. ताई म्हणायला हरकत नाही, पण ताई आणि 'भावना बाजूला ठेवा' हे एका वाक्यात आले की पुढे काय वाढून ठेवलंय ते मराठीत कुठल्याही बाईला आधीच कळतं. त्याच लेखाखाली दोन पुरुषांनी माझ्यापेक्षा कितीतरी जहाल लिहिलं आहे. त्यांना 'दादा, भावना आवरा' असं आपण सांगितल्याचं दिसलं नाही. सोळाव्या शतकातली स्पॅनिश मुळातून वाचता यावी म्हणून मी सहा वर्षं घातली आहेत. वाचन आणखी वाढवीनच, पण लेख पूर्ण वाचून मग प्रतिक्रिया लिहायची ही साधी रीतही असते. खंडणी न भरणाऱ्यांचे हात तोडण्याची जी गोष्ट सगळीकडे फिरते, ती मी मुद्दाम घेतली नव्हती. ती माझ्या तोंडी घालून आपण खोडून काढलीत. छान.

आता ते देवीचं वाक्य. शाळेपासून हेच ऐकत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिस्पानिओलात देवी आली १५१८ च्या अखेरीस. जानेवारी १५१९ मध्ये तिथला कारभार पाहणाऱ्या जेरोनिमाइट पंथाच्या साधूंनी स्पेनच्या राजाला कळवलं, की बेटावरच्या इंडियनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश दगावले. भयंकरच. पण एक तृतीयांश कशाचा? १५०८ च्या सुमाराची मोजणी ६०,००० च्या आसपास आहे आणि १५१४ मध्ये स्पॅनिश वसाहतवाल्यांना कामासाठी ताइनो वाटून दिले, त्या वाटपात उरलेले ताइनो साधारण २६,००० भरतात. म्हणजे देवीचा पहिला फोड उठण्याच्या चार वर्षं आधीच निम्म्याहून जास्त माणसं गेली होती, तीही फक्त सहा वर्षांत. १४९२ मध्ये किती होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एक लाखापासून कित्येक दशलक्षांपर्यंत अंदाज आहेत, म्हणून तो आकडा मी वापरतच नाही. वापरायची गरजही पडत नाही. देवीच्या आधी तापाच्या साथी नव्हत्या का? होत्या. १४९४ मध्ये कोलंबसाने बेटावर वसवलेल्या इझाबेला वसाहतीत ताइनो आणि स्पॅनिश दोघेही तापाने फणफणले होते. पण एकाच तापातून एक उठतो आणि दुसरा उठत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या घरात खायला काय होतं ते विचारावं लागतं.

त्याचं उत्तर कोलंबसाने लादलेल्या १४९५ च्या खंडणीत आहे. सोनं असलेल्या सिबाओ भागात चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरूभर सोनं द्यायचं. ससाण्याच्या पायात बांधतात ते घुंगरू. बाकीच्या भागात तो अरोबाभर कापूस. भरणा केला की तांब्या-पितळेचा बिल्ला मिळायचा, तो गळ्यात घालायचा. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याला शिक्षा.

घुंगरू ऐकायला छोटं वाटतं. ताइनो खाणी खणत नव्हते. ओढ्याकाठची माती ओंजळीत घेऊन त्यातले कण वेचायचे, तेही दागिन्यापुरते. आजोबा-पणजोबांपासून साठलेलं सोनं पहिल्या एक-दोन वसुलीत निघून जाणारच. मग तिमाही भरायला माणूस दिवसचे दिवस नदीकाठी बसणार, आणि शेत कोण बघणार? त्यांचं शेत म्हणजे कोनुको, गुडघाभर उंचीचे मातीचे गोल ढीग, त्यांत युकाच्या कांड्या. (आपण एकादशीला ज्याचा साबुदाणा खातो तोच हा कंद.) तो काढायला यायला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. काढल्यावर किसायचा, लांबट विणलेल्या पिशवीत घालून पिळून विषारी रस काढून टाकायचा, मग मातीच्या तव्यावर भाकरी. यात एक हंगाम लावणी चुकली तर त्याच महिन्यात कळत नाही. उपास पडतो तो पुढच्या वर्षी. शिवाय इझाबेलातली शेकडो तोंडं त्याच कोनुकोवर चरत होती, आणि सैनिक आले की लोक शेत टाकून डोंगरात पळत होते. १४९५-९६ चा दुष्काळ असा पडला. पाऊस न पडल्याने नव्हे.

ग्वारिओनेक्स या ताइनो सरदाराने तोडगा सुचवला होता: सोनं मागू नका, त्याऐवजी इझाबेलापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत अख्खा पट्टा मी लागवडीखाली आणून देतो. म्हणजे उपाशी मरणाऱ्या वसाहतीला धान्याचा प्रस्ताव. कोलंबसाने नाकारला, कारण राजाराणीला दाखवायला सोनं हवं होतं. पुढे घुंगरू अर्ध्यावर आणलं, तेही भरेना.

हा सरदाराचा प्रसंग लास कासासचा आहे, कबूल. पण घुंगरू, चौदा वर्षं आणि बिल्ला हे तपशील कोलंबसाच्या सख्ख्या मुलाने, एर्नांदोने, बापाच्या चरित्रात लिहून ठेवले आहेत, बापाची कर्तबगारी म्हणून. आणि फेब्रुवारी १४९५ मध्ये १,६०० माणसं गोळा करून त्यांतली ५५० जहाजांत भरली आणि वाटेत सुमारे २०० मेली, ती समुद्रात टाकली, हे लिहिणारा मिकेले दा कुनेओ हा कोलंबसाचाच सोबती, त्याच जहाजांवरून परतलेला. लास कासास 'कोलंबसद्वेष्टा' कुठून झाला ते आपणच सांगा. कोलंबसाला देवानेच निवडलं असं मानणारा तो माणूस. त्याची टीका बोचते ती त्यामुळेच.

फूटपट्टीचं एवढंच: ती आजची नाही. ताइनोंना विकायला राणी इझाबेलाने आधी परवानगी दिली, मग धर्मपंडितांचं मत येईपर्यंत थांबवली, आणि जून १५०० मध्ये विकलेल्यांना सोडून परत पाठवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राजाराणीने पाठवलेल्या बोबादिया या अधिकाऱ्याने चौकशी करून कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला धाडलं. त्या चौकशीचे कागद २००६ मध्ये छापून आले आहेत. त्यात ताइनोंच्या बाप्तिस्म्याला कोलंबस आडकाठी करायचा, कारण ख्रिस्ती झालेला गुलाम म्हणून विकता येत नाही, अशी साक्ष आहे. साक्षी देणारे स्पॅनिश, आणि तेही पंधराव्या शतकातच जन्मलेले.

दर्यावर्दीपणाचं म्हणाल तर जाताना कॅनरी बेटांवरून व्यापारी वारे धरायचे आणि येताना उत्तरेला चढून पश्चिमी वारे, हे त्याने पहिल्याच फेरीत साधलं. मान्य, शंभर टक्के मान्य. लेख त्यावर नव्हता. ओव्हांदोवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल, आत्ता नको.

प्रतिक्रिया उडवलेली नाही. 'ताई'सकट तशीच ठेवली आहे.