डिस्प्रोसियमला डीएफटी पुरत नाही
डिस्प्रोसियम या धातूच्या रेणूचुंबकाला (एकेक रेणूच चुंबकासारखा वागतो) नुसतं डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेवरून ऊर्जा काढायची संगणकी पद्धत, चालतं, असं एका लेखात म्हटलंय, पटलं नाही. डीएफटी एकाच डिटरमिनंटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकाच मांडणीवर उभं, आणि इथे 4एफ ऑर्बिटलांच्या (इलेक्ट्रॉनांच्या कक्षांच्या) ऊर्जा-पातळ्या एकमेकींना चिकटलेल्या. सीएएसएससीएफ घ्या, ती पद्धत अनेक मांडण्या एकत्र धरते: 7 ऑर्बिटलांत 9 इलेक्ट्रॉन, 21 सेक्स्टेट (पाच इलेक्ट्रॉन जोडीविना असलेल्या अवस्था), मग स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनाचं स्पिन आणि कक्षेतली गती यांची जोडणी). तळाशी 8 क्रेमर्स जोड्या (समान ऊर्जेच्या दोन-दोन अवस्था) दिसायला हव्यात. गणित अडलं तर आधी ऑर्बिटलं उघडून बघा, बहुतेकदा लिगँडचं (धातूला जोडलेल्या गटाचं) एखादं त्या सातांत घुसलेलं असतं. रचना क्रिस्टलचीच ठेवा, फक्त हायड्रोजन हलवा. एक्स-रेत त्यांचे बंध आखूड येतात. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात लाईन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ऑर्का या गणिताच्या सॉफ्टवेअरची जीबीडब्ल्यू फाईल (तीत ऑर्बिटलं साठतात) जपा, त्याच ऑर्बिटलांवरून पुन्हा सुरू करता येतं. अन् चंद्रपूरच्या मे महिन्यात सगळे कोर जुंपू नका, प्रोसेसर तापून वेग उतरतो.