एएमडी अबुधाबीच्या पैशामुळे तरली, हे अर्धसत्य

अमेरिकी सरकार, जपानची गुंतवणूक कंपनी सॉफ्टबँक आणि चिप कंपनी एनव्हिडिया यांनी 2025 मध्ये संगणकाचे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलमध्ये पैसे घालायचं ठरवलं, तेव्हापासून तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्याबद्दल एक दावा फिरतोय: "2008 मध्ये एएमडी बुडत होती. अबुधाबीच्या शेखांनी ती विकत घेतली, तेलाचा पैसा ओतला आणि तिने इंटेलला लोळवलं. आता इंटेलही तशीच वर येणार." याच भरवशावर इंटेलचे शेअर घ्यायचे सल्ले दिले जाताहेत, म्हणून हा दावा नीट तपासायलाच हवा.

"विकत घेतली" हे चूक. अबुधाबीच्या सरकारी मुबादला कंपनीने नोव्हेंबर 2007 मध्ये 62.2 कोटी डॉलरला घेतला तो 8.1 टक्के हिस्सा. नंतरच्या व्यवहारातही तो 19.3 टक्क्यांवर नेण्याचंच ठरलं होतं. अख्खी कंपनी घेण्यात अर्थही नव्हता. एएमडीचे प्रोसेसर इंटेलबरोबरच्या परवाना करारावर उभे होते आणि ताबा दुसऱ्याकडे गेला की तो करारच संपणार होता.

अबुधाबीने घेतले ते कारखाने. 2006 मध्ये सुमारे 540 कोटी डॉलरला एटीआय ही ग्राफिक्स चिपांची कंपनी विकत घेऊन एएमडी कर्जात रुतली होती. ऑक्टोबर 2008 मध्ये तिने चिप बनवणारे कारखाने वेगळे काढायचं जाहीर केलं, त्यातूनच पुढे ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. अबुधाबीने 70 कोटी डॉलर एएमडीला दिले, 140 कोटी नव्या कंपनीत घातले, आणि सुमारे 120 कोटींचं कर्जही नव्या कंपनीकडे गेलं. हा आधार मोठा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण "पैसा ओतला आणि लोळवलं" या वाक्यात मधली आठ वर्षं गाळली आहेत, आणि खरी गोष्ट त्या वर्षांतच घडली. मुबादलाने 12.70 डॉलरने घेतलेला शेअर 2015 मध्ये दोन डॉलरच्याही खाली होता. 2011 चा बुलडोझर प्रोसेसर अपेक्षेला उतरला नाही. सुटका करणाऱ्या व्यवहाराने बेड्याही घातल्या होत्या, कारण चिपा ग्लोबलफाउंड्रीजकडूनच घ्यायचं बंधन होतं: काही 28 नॅनोमीटर (त्या वेळच्या नव्या तंत्राच्या) चिपा दुसरीकडे बनवण्याची मोकळीक मिळावी म्हणून 2012 मध्ये एएमडीने ग्लोबलफाउंड्रीजला 42.5 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, शिवाय तिच्यातला उरलेला हिस्साही सोडला. त्याच वर्षाअखेर ठरलेल्यापेक्षा कमी वेफर (ज्यांवर चिपा घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) घेतल्याबद्दल आणखी 32 कोटी देणं आलं. दरम्यान कंपनी तगली ती मक्तेदारीच्या वादात इंटेलने 2009 च्या तडजोडीत दिलेल्या 125 कोटी डॉलरवर, ऑस्टिनचं आवार विकून तिथेच भाड्याने राहून, आणि 2013 पासून प्लेस्टेशन व एक्सबॉक्सच्या चिपांवर.

बाजी पालटली 2017 मध्ये, झेन या नव्या प्रोसेसर-रचनेवरच्या रायझन आणि एपिक प्रोसेसरांनी. इतक्या हलाखीत झेन घडवणाऱ्या अभियंत्यांचं श्रेय कुणी एका धनादेशाच्या नावावर लिहावं, हे मला अन्यायाचं वाटतं. पैशाने मुदत मिळाली. प्रोसेसर त्यांनी घडवला.

राहिला "इंटेलही तशीच" हा भाग. एएमडीने कारखान्यांचं ओझं उतरवण्यासाठी पैसा घेतला, तर इंटेलला मिळतोय तो कारखाने हातात ठेवून. ऑगस्ट 2025 च्या करारात अमेरिकी सरकारने सुमारे 10 टक्के हिस्सा घेतला आणि आणखी 5 टक्के शेअर 20 डॉलरने घेण्याचा हक्कही राखला. तो हक्क वापरता येईल तो फक्त इंटेलची फाउंड्री (चिपा बनवणाऱ्या कारखान्यांच्या) व्यवसायातली मालकी 51 टक्क्यांच्या खाली गेली तरच. म्हणजे एएमडीने जी वाट धरली, तिच्यावरच इंटेलसाठी दंड बसवलेला आहे.