नाताळ हळूहळू येऊ द्या

डिसेंबर आला की बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचीच चर्चा. सुवर्ण विधानसौधकडे गाड्यांच्या रांगा, आंदोलनं, चौकाचौकांत पोलीस. आमच्या गल्लीत मात्र संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं. म्हणूनच इथे नाताळ कसा पावलापावलानं येतो ते कळतं.

बाजाराला तेवढा दम नाही. नोव्हेंबरातच लाल टोप्या लटकतात आणि एक तारखेपासून ‘ॲडव्हान्स मेरी ख्रिसमस’चे मेसेज सुरू. मला हे मनापासून खटकतं. नाताळाआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो, तो वाट पाहण्यासाठीच. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. अनेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. चारही पहिल्याच दिवशी पेटवल्या तर उरलं काय?

शेजारची गोव्याकडची आंटी गोठ्याच्या देखाव्यासाठी ताटलीत माती पसरून नाचणी पेरते. आठ-दहा दिवसांत हिरवीगार लव येते. रोज थोडं पाणी शिंपडायचं, बस्स. तिच्या नातवंडांसाठी तेवढंच पुरतं, शाळेतून आली की आधी ताटलीकडे धावतात. मोठ्यांनीही यातून शिकावं असं मला वाटतं.

आमच्याकडे या दिवसांत पदांचा सराव चालतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-भजनांच्या चालीवर मराठीत आणली, तीच पदं पेटी-तबल्यावर. इंग्रजी कॅरोल मुलं हौसेनं म्हणतात, म्हणू देत. पण थंडीत शाल गुंडाळून बसलेले म्हातारे जेव्हा टाळ धरतात, तेव्हा माझ्यासाठी नाताळ जवळ आलेला असतो.

दुसरी घाई उलट्या बाजूची. सव्वीसला सकाळी दारात टांगलेल्या चांदण्या उतरवतात! अहो, नाताळ पंचवीसला सुरू होतो, संपत नाही. सहा जानेवारीला मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, भेटीचा सण, तोपर्यंत बारा दिवस आपलेच. कॅम्पात एकतीसच्या रात्री ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला सगळं गाव लोटतं, त्या वेळी आपल्याच दारात अंधार का असावा?

तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, विनंती आहे. चांदणी उशिरा लावा, पण सहा तारखेपर्यंत ठेवा. आणि चौथ्या रविवारी दुपारी आमच्याकडे कुलकुल, म्हणजे फणीवर दाबून नक्षी उमटवलेला नाताळचा गोड फराळ, वळायला या. पीठ मी मळून ठेवते, येताना प्रत्येकानं एक नवी कोरी फणी तेवढी आणा.